आत्याचा शब्द

दवाखान्याच्या दारात जीप काढणारा एक माणूस मला म्हणाला, "बॉस, तेवढी गाडी बाजूला घ्या." मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं, फक्त औषधाच्या दुकानाची पायरी आणि तिच्यावर वाळत पडलेला कुणाचा तरी टॉवेल. म्हणजे बॉस मीच. मी मोटारसायकल ढकलून बाजूला घेतली, जीप निघून गेली, आणि मी हँडल धरून तसाच उभा राहिलो. तसं पाहिलं तर या हाकेत नवं काही नव्हतं. बीडमध्ये ज्याचं नाव माहीत नाही तो बॉस. चहावाला बॉस, पंक्चरवाला बॉस, फक्त जो खरंच बॉस असतो त्याला कुणी बॉस म्हणत नाही, त्याला साहेब म्हणतात. पण थोड्याच वेळापूर्वी डॉक्टरनं आम्हाला विचारलं होतं, तुमच्यात निर्णय घेणारं कोण आहे? आणि आम्ही सगळ्यांनी, म्हणजे मी, माझे वडील, आई आणि माझी बायको दिपाली, एकदमच वॉर्डाच्या दाराकडं पाहिलं होतं. त्या दारापलीकडं माझी आत्या छबुबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. निर्णय घ्यायचा होता तो तिच्याच पायाचा.

पाय डावा. साखरेनं तो आधीच बधिर झाला होता. बधिर म्हणजे किती, तर चुलीतला निखारा पावलावर पडला तरी ती भाकरी थापत बसायची आणि आई ओरडली की मग पाय झटकायची. श्रावणात ती कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून नात्यातल्या एका घरचं भांडण मिटवायला गेली. येताना टाच सायलेन्सरला टेकली ती टेकलीच. जळाल्याचा वास आला तेव्हा गाडी थांबली. घरी आल्यावर आत्या म्हणाली, चप्पल नवी होती. पायाबद्दल ती काही म्हणाली नाही, आणि तिनं म्हटलं नाही म्हणून आम्हीही काही केलं नाही. मग हळद, मग चौसाळ्यातलं मलम, मग बोटं काळी पडली, आणि आता काळेपणा घोट्याच्या वर चढला होता. डॉक्टर म्हणाला, गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. या वयात टेबलावरसुद्धा धोका आहे, पण घरी नेलंत तर वाचायच्या नाहीत. संध्याकाळपर्यंत सांगा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. हे ऐकताना मला काय वाटलं? काहीच वाटलं नाही. डॉक्टरच्या खिशावर शाईचा एक निळा डाग होता, तो धुतल्यावर जाईल का, असा विचार मी करत होतो. तिला पायाचं कळत नव्हतं आणि मला बाकीच्या सगळ्याचं.

जालना रोडवर एका बँकेच्या वरच्या मजल्यावर मी स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवतो. लोकांना इंग्लिश बोलायचं असतं आणि मला शब्दांची कुळं सांगायची खोड आहे, त्यामुळं आमचं फारसं जमत नाही, पण फी आगाऊ घेतलेली असल्यानं ते बसून राहतात. गेल्या आठवड्यात फळ्यावर 'बॉस' लिहिला होता. मी सांगितलं, हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही, डच लोकांचा. तो अमेरिकेत गेला. तिथं मजुरीला आलेल्या गोऱ्या लोकांना कामाचं काही वाटत नव्हतं, पण कुणाला मालक म्हणायची लाज वाटत होती, मालक हा शब्द गुलामांच्या तोंडचा. म्हणून त्यांनी शेजारच्या डच लोकांचा शब्द उचलला आणि मालकाला बॉस म्हणू लागले. काम तेच, वेळ तीच, फक्त हाक बदलली. क्लास हसला. मग मी दुसरा बॉस सांगितला, ज्याचा या पहिल्याशी काही संबंध नाही: ढालीच्या मधोमध असतो तो फुगीर गोळा, दगडी छताच्या कमानी जिथं येऊन मिळतात तिथला कोरीव गुच्छ, जनावराच्या अंगावरचा उंचवटा. घाव आधी त्या गोळ्यावर बसतो. आणि आपल्याकडं काय म्हणतात, असं मी विचारलं तेव्हा शब्दांची रास पडली. मालक, साहेब, सरकार, पाटील, मुकादम. मुकादम या शब्दावर मी जरा थांबलो. तो अरबीतून आला, सुलतानांच्या कचेऱ्यांतून आपल्या गावांत उतरला, आणि त्याचा अर्थ पुढं ठेवलेला. मागच्या बाकावरची एक बाई, दोन लेकरांची आई, म्हणाली, पण सर, कुणी ठेवलेला? मी घड्याळाकडं पाहिलं आणि क्लास सोडून दिला.

माझे वडील बद्रीनाथ हे मुकादम होते. चौसाळ्याहून त्यांची ऊसतोडीची टोळी दर दिवाळीनंतर खाली साखर कारखान्यांकडं जायची. आणि त्यांना पुढं कुणी ठेवलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आत्याचं लग्न चकलांब्याला झालं होतं. वर्ष व्हायच्या आत ती पत्र्याची पेटी घेऊन परत आली, ओट्यावर बसली, आणि आजोबांनी विचारलं तेव्हा म्हणाली की मी परत जाणार नाही. त्यानंतर तिला त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. आजोबा गेले, वडिलांना नुकतं कुठं मिसरूड फुटलं होतं, टोळी त्यांच्या नावावर आली. कारखान्याच्या माणसांशी हात मिळवायचा वडिलांनी, त्यांच्या खुर्चीवर बसून चहा प्यायचा वडिलांनी. पण कोणत्या कारखान्याला जायचं, कुणाची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, कुणाच्या शेजारी घालायची, कुठल्या बाईला दिवस गेलेत आणि तिच्या डोक्यावर मोळी द्यायची नाही, हे आत्या सांगायची. लोक वडिलांना विचारायचे. वडील म्हणायचे, बघू. संध्याकाळी ते चुलीपाशी उकिडवे बसायचे आणि आत्या पीठ मळता मळता सांगून टाकायची. ती कधी ओरडली नाही. हुकूम असा तिनं कधी केला नाही. नुसतं सांगायची, जसं कुणी सांगावं की आज आभाळ आलंय.

अभ्याला अंबाजोगाईला ठेवा, हेही तिनं असंच सांगितलं होतं. अभ्या म्हणजे मी, अभिमन्यू. त्या वर्षी टोळीबरोबर न जाता मी वसतिगृहात गेलो आणि तिथल्या थंड फरशीवर झोपून उसाच्या फडात पेटवलेल्या शेकोटीची आठवण काढत रडलो. उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, पाचटावर अंथरलेली गोधडी, हे सगळं मला हवं होतं. कुणी मला विचारलं असतं तर मी कोयता मागितला असता आणि आज माझे गुडघे वडिलांसारखे झाले असते. घाटनांदूरला जाऊन तिनं दिपालीला पाहिलं, घरी येऊन पाणी प्याली आणि म्हणाली, पोरगी बरी हाय, हसती जरा कमी. झालं लग्न. दिपाली खरंच बरी आहे आणि खरंच कमी हसते. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आत्याचं सगळं बरोबर निघत गेलं. ती चुकली असती तर निदान भांडता आलं असतं. मी कुठल्याच गोष्टीसाठी तिच्याशी भांडलो नाही, आणि एखादी गोष्ट स्वतः ठरवताना पोटात काय होतं, ते मला चाळिशी उलटली तरी माहीत नव्हतं. क्लासच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा हेसुद्धा मी तिला फोनवर विचारलं होतं.

गाडी लावून मी वर आलो. बाकड्यावर वडील टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते पुन्हा पुन्हा आत जात होते आणि पुन्हा पुन्हा बाहेर येत होते. आत जाऊन ते आत्यालाच विचारायचे की छबू, पायाचं काय करायचं? जन्मभर त्यांनी प्रत्येक गोष्ट तिला विचारली होती, मग ही का नाही विचारायची? यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण डॉक्टरनं सांगितल्यापासून आत्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं आणि ती एक शब्द बोलत नव्हती. जीभ शाबूत होती, शुद्ध होती, नर्सनं पाणी दिलं की पीत होती. बोलत तेवढी नव्हती. वडिलांनी डॉक्टरला जाऊन सांगितलं की तिला विचारल्याशिवाय आम्हाला काही ठरवता येणार नाही. डॉक्टर नवा आणि भला माणूस होता. त्याला ते फार आवडलं. म्हणाला, बाबा, बाईमाणसाला एवढं विचारणारी घरं मी कमी पाहिली. वडिलांना तो काय म्हणतोय ते कळलं नाही. त्यांनी त्याला नमस्कार केला.

मधेच चौसाळ्याहून म्हाळूचा फोन आला. आता टोळी म्हाळू चालवतो, वडिलांचे गुडघे गेल्यापासून. ट्रक भरून उभे आहेत, पेट्या, पत्रे, शेळ्या, सगळं वर चढवलंय, छबुबाई काय म्हणल्या, कवा निघायचं, असं तो विचारत होता. वडील फोन घेऊन आत गेले आणि त्यांनी तो आत्याच्या कानाला लावला. मी दारातून पाहत होतो. आत्यानं फोन ढकलला नाही की कान हलवला नाही. पलीकडून म्हाळू हालो, हालो करत राहिला. कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई टुकटुक बघत होती. शेवटी वडिलांनी फोन काढून घेतला, बाहेर आले आणि मला म्हणाले, "अभ्या, ती कावून बोलंना रे?" त्यांचा आवाज असा होता की मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. पाय जाईल, बहीण जाईल, याची ती भीती नव्हती, किंवा अजून ते तिथवर पोचलेच नव्हते. ते नुसते हरवल्यासारखे दिसत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मी म्हणालो, चहा आणू का? ते म्हणाले, छबूला इचार, ती घेती का.

आई, भामाबाई, जिन्यापाशी बसून आत्याचे कपडे घड्या घालत होती. या बाईनं सगळा संसार नणंदेच्या हाताखाली काढला. तिच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही आणि कौतुकही ऐकलं नाही. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, तुला काय वाटतं, काय करावं? ती घडी घालायची थांबली नाही. "मी कदी काय ठरिवलं का या घरात," ती म्हणाली, "की आता तिचा पाय ठरवू?" डाळीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं ती म्हणाली. मग तिनं एक हिरवं लुगडं मांडीवर पसरलं, त्याच्या काठावरून हात फिरवला. "हे मी आणलंय. चकलांब्याहून आली तवापासून तिनं सोतासाठी एक लुगडं बी निवडलं न्हाई. दुकानात आमा सगळ्यांला काढून द्यायची, हे तुला, हे तुला. आन् तुमचं वो, असं दुकानदार म्हणला की भाएर जाऊन हुबी ऱ्हायची. तिचं कायम मीच घेतलं." एवढं बोलून ती त्या लुगड्याची घडी घालू लागली. मला त्या दुकानाबाहेर उभी असलेली आत्या दिसत होती, पदर डोक्यावरून घेतलेली, रस्त्यावरच्या गाड्या बघत असलेली, आणि ती तिथं कशासाठी उभी आहे असं मला लहानपणी कधीच वाटलं नव्हतं. मला वाटायचं, तिला आत उकडतंय.

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. डेटॉलचा वास येत होता, खाली कुणीतरी कुणाला तरी पुन्हा बॉस म्हणत होतं. क्लासमध्ये मी त्या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगितली नव्हती. माझ्याकडच्या जाड कोशात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे. डच शब्द कुठून आला हे कुणालाच खात्रीनं माहीत नाही, पण काहींना वाटतं की त्याचं नातं जर्मनांच्या एका जुन्या शब्दाशी असावं, आणि त्या शब्दाचा अर्थ आत्या. बापाची बहीण. बाकीच्या पंडितांनी हे मोडीत काढलंय, पुरावा नाही म्हणतात. मीही हे खरं धरत नाही. पण ती ओळ मी कितीदा वाचली आहे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच, आणि नाव सांगताना बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. आमच्या भावकीत सख्खी आत्या हजर असली तरी नाव छबुबाईच सांगायची, आणि धपाटेही तीच खायची, हसत, पोर सांभाळून. लहानपणी मला हे फार गमतीचं वाटायचं. आता जिन्यात उभं राहून मला ती वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. नाव ठेवायचा मान तिचा, म्हणून मारही तिला. आणि त्या सगळ्या बायांत तिला स्वतःचं लेकरू नव्हतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा शब्दांत सुचलं. वाईट वाटलं का, तर तेही नीट नाही. दात काढल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो तसं काहीतरी वाटलं.

मी आत गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खिडकीतून उतरतं ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं, पायाला पांढरं गुंडाळलेलं होतं आणि त्यातून तो गोडसर, नासका वास येत होता. मी स्टूल ओढून बसलो. तिच्या मानेवरचे केस पार विरळ झाले होते. तिला मागून इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं, ती नेहमी समोर असायची. "आत्या," मी म्हणालो. ती हलली नाही. विचारायला आलो होतो असंच मला वाटत होतं, पण विचारायचे शब्द तोंडात आलेच नाहीत. दुसरेच आले. मी म्हणालो, "पाय काढायचा. आजच. मी ठरवलंय."

बोलून झाल्यावर माझ्या कानात माझाच आवाज राहिला, चोराचा असावा तसा. आता ती वळेल आणि म्हणेल, तू रे कोण? आणि मग मी सुटेन, असंही वाटून गेलं. ती वळली, पण फार सावकाश, कारण तो पाय तिला ओढवत नव्हता. तोंडावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता. डोळे लाल होते. किती वेळ रडत होती कोण जाणे, भिंतीला माहीत.

"मंग इतका येळ कावून लावला?" ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "कवाची वाट बघायले मी. कुनीतरी यील आन् मला सांगंल म्हनून. येतंय ते मलाच इचारतंय."

तिनं हात पुढं केला आणि माझं मनगट धरलं. "लई भ्या वाटायलंय रे अभ्या," ती म्हणाली. मी म्हणालो, मला पण. आणि म्हटल्यावर ते खरं झालं. सकाळपासून जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं, मला तिच्या पायाचा वास आला, ती टेबलावर मरू शकते आणि मग ते मी केलेलं असेल हे कळलं, आणि मी तिचा हात दोन्ही हातांत धरून बसलो. ती मला नको म्हणाली नाही. डोळे मिटून तशीच पडून राहिली, आणि तिचा श्वास हळूहळू झोपेत गेल्यासारखा झाला.

बाहेर आलो तेव्हा तिघंही उभी राहिली. वडिलांनी विचारलं, "काय म्हणली छबू?" मी ठरवलं, असं म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, आत एकदा बोलूनही झालं होतं. पण वडिलांच्या तोंडाकडं पाहिलं आणि कळलं की माझ्या नावानं सांगितलं तर हा माणूस या बाकड्यावरून हलणार नाही, रात्रभर मला समजावत बसेल की आधी छबूला विचारू. दिवस कलला होता.

"आत्या म्हणली, पाय काढा," मी म्हणालो.

वडिलांनी मोठा श्वास सोडला आणि टोपी डोक्यावर घातली. "मंग झालं," ते म्हणाले, "तिनं सांगितलं ना." दिपालीनं डोळ्यांना पदर लावला. आई मला म्हणाली, जा, आदी डागदरला सांग. मी निघालो. दहा पावलं गेलो असेन नसेन, मागून वडिलांचा फोनवरचा आवाज आला. जुना, मुकादमीतला, खणखणीत. म्हाळूशी बोलत होते. "हां, बोलली छबू. उद्या तांबडं फुटायच्या आत निघा म्हणली. शेळ्या दुसऱ्या ट्रकात घाला म्हणली."

मी थांबलो. टोळीबद्दल आत्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. वडील तर मी बाहेर आल्यापासून आत गेलेच नव्हते. मी वळून आईकडं पाहिलं. ती वडिलांच्या शेजारीच उभी होती, तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.